आप्पांचं हार्ट, दादाचे साडेसहा लाख आणि स्टेमसेल

पत्र असं आलंय (थोडं छाटलंय):

"मावशी, सहा महिन्यांपूर्वी आमच्या आप्पांना मोठा अटॅक आला. वय ५९, तासगावजवळ द्राक्षबाग आहे. रात्रभर ॲसिडिटी समजून घरीच थांबले, सकाळी सांगलीला नेलं, एक स्टेंट टाकला. डिस्चार्ज कार्डावर ईएफ (दर ठोक्याला हार्ट किती रक्त बाहेर फेकतं तो आकडा) ३० टक्के लिहिलंय. आता जिना चढताना दम लागतो, बागेत फार जात नाहीत, सारखी चिडचिड. दादाला व्हॉट्सॲपवर एका क्लिनिकची जाहिरात आली. कमरेच्या हाडातून आप्पांचेच स्टेमसेल काढून हार्टमध्ये सोडतात, मेलेला स्नायू परत तयार होतो, ईएफ ५० पर्यंत जातं म्हणे. तीन सिटिंगचे साडेसहा लाख. दादाने २५ हजार टोकन भरलंसुद्धा, बाकीच्यासाठी वीस गुंठे काढायचे म्हणतोय. तिकडून मेसेज आलाय की पाच दिवस आधी क्लोपिडोग्रेल बंद करा. मी नको म्हटलं तर म्हणतो तुला आप्पांपेक्षा जमीन मोठी झाली. आमच्या गल्लीतल्या एका पोराचा ब्लड कॅन्सर स्टेमसेलनेच बरा झाला हेही खरंय. काय करू? आप्पांच्या गोळ्या: इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि लघवीची गोळी."

अमृता (नाव बदललंय गं, काळजी करू नको),

बाकी सगळं नंतर, आधी त्या गोळीचं बघ. क्लोपिडोग्रेल बंद करायची नाही. अटॅकमध्ये स्टेंट टाकला की साधारण वर्षभर इकोस्प्रिनच्या जोडीला ही दुसरी गोळी चालू ठेवतात, कारण त्या जाळीत गुठळी झाली तर परत अटॅक, आणि ईएफ ३० असलेल्या माणसाला दुसरा अटॅक झेपेलच असं नाही. ती कधी थांबवायची हे स्टेंट टाकणारे डॉक्टर सांगतील, व्हॉट्सॲपवरचा काउन्सेलर नाही. हाडातून मॅरो (हाडाच्या आतला गर) काढताना रक्त जास्त जाऊ नये म्हणून क्लिनिकला ती बंद हवीय, म्हणजे सोय त्यांची आणि रिस्क आप्पांची. आज दादाशी बोलशील तेव्हा फक्त एवढंच बोल, जमिनीचा विषय काढूच नको.

आता स्टेमसेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसरे सेल तयार होतात ते मूळ सेल. मी आधी कार्डियाक आयसीयूत सिस्टर होते, नंतर क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. आणि पहिलं सांगते, दादा येडा नाहीये. क्लिनिकवाले जे सांगतायत ना, हाडातले सेल हार्टमध्ये सोडले की स्नायू होतात, हे एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं होतं. २००१ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला, पिएरो ॲनव्हर्सा नावाच्या शास्त्रज्ञांच्या टीमचा, उंदरांच्या हार्टवर केलेला. अटॅकने खराब झालेल्या भागात मॅरोमधले सेल टोचले आणि तिथे नवा स्नायू आला असा दावा. सगळं जग हललं त्याने, आणि थोड्याच काळात माणसांवर प्रयोग सुरूही झाले, कारण मॅरो काढणं सोपं, सेल पेशंटचे स्वतःचेच, रिजेक्शनची भानगड नाही.

पण २००४ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये दोन वेगळ्या टीमचे पेपर आले की आम्ही हेच करून बघितलं, मॅरोचे सेल हार्टचा स्नायू होत नाहीत, ते रक्ताचेच सेल राहतात. तरी गाडी थांबली नाही. ॲनव्हर्सा पुढे हार्वर्डच्या बोस्टनमधल्या हॉस्पिटलात गेले, हार्टमध्येच स्वतःचे स्टेमसेल असतात असंही सांगत होते, त्यावर माणसांवर ट्रायल झाली, ती २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. मग चौकशी लागली. २०१७ मध्ये त्या हॉस्पिटलने खोट्या डेटावर सरकारी ग्रँट घेतल्याच्या आरोपावरून अमेरिकन सरकारला १ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि २०१८ मध्ये हार्वर्ड आणि हॉस्पिटलने स्वतःच सांगितलं की त्यांच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्यायला हवेत. 'लॅन्सेट'चा पेपरही २०१९ मध्ये मागे घेतला गेला. म्हणजे दादाच्या फोनवर जे ॲनिमेशन फिरतंय, लाल लाल सेल जाऊन काळ्या डागाला गुलाबी करतायत, त्याचा पाया कधीच ढासळलाय, पण हे त्या जाहिरातीत कोण सांगणार.

तू म्हणशील एक माणूस खोटा निघाला म्हणून सगळंच खोटं का. बरोबर आहे, आणि तसं नाहीच. जर्मनीत, नॉर्वेत, बाकी युरोपात प्रामाणिकपणे केलेल्या ट्रायल्स आहेत. एक जर्मन ट्रायल आहे, २००६ ची, २०४ पेशंटची, नीट केलेली. अर्ध्यांना मॅरोचे सेल, अर्ध्यांना नुसतं तसंच दिसणारं पाणी. चार महिन्यांनी सेलवाल्यांचं ईएफ सरासरी साडेपाच पॉइंटने वाढलं. वा! पण पाणीवाल्यांचंही ३ ने वाढलं. म्हणजे फरक अडीच पॉइंटचा, ३० चे ५० वगैरे काही नाही, आणि त्याच वर्षी नॉर्वेच्या ट्रायलमध्ये तेवढाही दिसला नाही. पुढे युरोपात ठरलं की ईएफ वगैरे सोडा, माणसं जगतात का ते बघू, ३००० पेशंट घ्यायचे होते, मिळाले ३७५, आणि २०२० मध्ये निकाल आला तेव्हा सेल दिलेल्यांचा जीव जास्त वाचतो असं म्हणण्यासारखं त्यात काही हाती लागलं नाही. आणि मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला पेपर म्हणजे २०१४ चा 'बीएमजे'मधला. लंडनच्या लोकांनी मॅरोच्या या सगळ्या ट्रायल्स काढून त्यातल्या चुका मोजल्या, बेरीज न जुळणं, आकडे एकमेकांशी विसंगत असणं असल्या, आणि निघालं काय तर जिथे चुका जास्त तिथे ईएफची वाढ जास्त, आणि जिथे एकही चूक नाही तिथे वाढ शून्य. मी कितीतरी डेटाशीट भरलेत गं, ते वाचून अंगावर काटा आला होता.

ते पाणीवाल्यांचे ३ पॉइंट नीट लक्षात ठेव, कारण क्लिनिकचा सगळा धंदा त्यावर चालतो. अटॅकनंतर हार्टचा काही भाग मरतो आणि काही नुसता बधिर होतो, जिवंत असतो पण हालत नाही. रक्तपुरवठा परत सुरू झाला, गोळ्या चालू राहिल्या की हा बधिर भाग काही आठवड्या-महिन्यांत आपला आपण कामाला लागतो. आप्पांचं ३० हे डिस्चार्ज कार्डावरचं आहे ना? म्हणजे अटॅकच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं. त्यानंतर टू-डी एको झालाय का? तू काही लिहिलं नाहीस, माझा अंदाज, झालेला नाही. उद्या एको केला आणि ३८ आलं तर? तेच क्लिनिकमध्ये जाऊन आल्यावर ३८ आलं असतं तर दादाने गावभर पेढे वाटले असते. हे असं समजल्याशिवाय साडेसहा लाखांचं बोलणंच चुकीचं आहे. आणि अजून एक, ईएफ ३० म्हणजे हार्ट तीसच टक्के चालतंय असं नाही, खूप लोक असं समजून हबकतात. भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं ते ईएफ, धडधाकट माणसाचंसुद्धा ५५-७० च्या आसपासच असतं, शंभर कोणाचंच नसतं.

मेलेला भाग मात्र परत येत नाही हे खरं, आणि ते किती खरं आहे हे स्वीडनच्या लोकांनी फार भारी पद्धतीने मोजलं. १९५०-६० च्या दशकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यातून हवेत कार्बन-१४ वाढला, तो पिकांतून माणसांच्या शरीरात गेला, आणि सेल जन्माला येताना त्याच्या डीएनएत त्या वर्षाचा जणू शिक्का बसला. तो शिक्का वाचून २००९ मध्ये त्यांनी काढलं की पंचविशीत हार्टचे वर्षाला साधारण १ टक्का स्नायूसेल नवे होतात आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्मेही नाही. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींच्या घरात सेल मरतात. एवढा खड्डा या गतीने भरत नाही, म्हणून तर सगळे स्टेमसेलच्या मागे लागलेत. आणि जे सेल नळीतून सोडतात त्यातले बहुतेक पहिल्या काही दिवसांतच वाहून जातात नाहीतर मरतात, कातळावर भात फेकल्यासारखं.

हे सांगितलंस की क्लिनिकवाले पलटी मारतील, म्हणतील सेल स्नायू होत नाहीत पण चांगले सिग्नल सोडतात. यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. डोनरकडून घेतलेले, लॅबमध्ये वाढवलेले सेल देऊन अमेरिकेत पाचशेच्या वर हार्ट फेल्युअर (हार्ट कमजोर पडणं) पेशंटची ट्रायल झाली, २०२३ मध्ये छापून आली. ज्यासाठी केली होती, म्हणजे हार्ट फेल्युअरने परत परत ॲडमिट होणं कमी व्हावं, ते कमी झालं नाही. अटॅक आणि स्ट्रोक मात्र कमी दिसले, म्हणून अभ्यास सोडलेला नाही. पण ते सेल वेगळे, तयार करायची पद्धत वेगळी, त्याचा आणि आप्पांच्या कमरेच्या हाडाचा संबंध नाही.

खरी मजा दुसरीकडेच चाललीय. जपानचे यामानाका, त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या त्वचेच्या सेलला उलटं फिरवून परत मूळ अवस्थेत नेलं, त्याला आयपीएस सेल म्हणतात, २०१२ चं नोबेल मिळालं. या आयपीएसपासून लॅबमध्ये हार्टचा खराखुरा धडधडणारा स्नायू बनवता येतो. ओसाका विद्यापीठात २०२० च्या जानेवारीत डॉ. सावांच्या टीमने त्याचे पातळ पापुद्रे पहिल्यांदा पेशंटच्या हार्टवर बसवले, १० कोटी सेलचे, आणि २०२५ मध्ये जपान सरकारकडे मंजुरीसाठी अर्जही केला. जर्मनीत गटिंगेनच्या झिमरमन यांच्या टीमने यापेक्षा जाड ठिगळं बनवली, आधी माकडांना लावली, मग ४६ वर्षांच्या एका बाईंना. त्यांना तीन महिन्यांनी डोनर हार्ट मिळालं, त्यामुळे जुनं हार्ट बाहेर काढून तपासता आलं, आणि ती ठिगळं जिवंत होती, त्यात रक्तवाहिन्या गेल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलंय. मी तो फोटो बराच वेळ बघत बसले होते.

पण यातही गोची आहेच. ठिगळाचे सेल दुसऱ्याचे असतील तर इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. अमेरिकेतल्या सिएटलच्या टीमने २०१४ मध्ये माकडांच्या हार्टमध्ये लॅबमध्ये बनवलेले हार्टचे शंभर कोटी सेल टोचले तेव्हा स्नायू तयार झाला, पण ठोक्यांची लय बिघडायला लागली, कारण नवा स्नायू स्वतःच्याच तालात धडधडत होता. त्यावर काम चालूच आहे. हे सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये, मोजक्या पेशंटवर, सगळ्यांच्या नजरेखाली होतंय. तीन सिटिंगच्या पॅकेजमध्ये कुठेच मिळत नाही.

आता गल्लीतल्या पोराचं. त्याचं खरं आहे, शंभर टक्के. ब्लड कॅन्सरमध्ये आणि थॅलेसेमियामध्ये मॅरो ट्रान्सप्लांट ही जुनी, सिद्ध झालेली ट्रीटमेंट आहे. तिथे रक्त बनवणाऱ्या सेलना रक्तच बनवायचं असतं, जे ते जन्मभर करतच आलेत. त्यांनाच हार्ट बनवा म्हटलं तर ते बनवत नाहीत, एवढा सरळ फरक आहे. दादाला हे पटेल बघ.

आपल्याकडचा नियमही स्पष्ट आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइननुसार ज्या मोजक्या आजारांत मॅरो ट्रान्सप्लांट मान्य आहे ते सोडून स्टेमसेलचा पेशंटवरचा कुठलाही वापर हा प्रयोग धरला जातो, तो मंजूर ट्रायलमध्येच करायचा, त्याची जाहिरात करायची नाही. (बेंगळुरूच्या एका कंपनीच्या स्टेमसेल औषधाला पायाच्या बंद पडलेल्या रक्तवाहिन्यांसाठी आणि गुडघ्यासाठी परवानगी मिळालीय, क्लिनिकवाले तेच सर्टिफिकेट दाखवतील, हार्टचा त्यात उल्लेख नाही हे बघ.) आणि प्रयोग असेल तर पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात! माझ्या ट्रायलमधल्या पेशंटना आम्ही उलट एसटीचं तिकीट जोडायला लावून प्रवासखर्च द्यायचो. आधी मराठीतली माहितीपत्रिका, चांगली जाडजूड, त्यात काय काय वाईट होऊ शकतं ते पहिल्यांदा लिहिलेलं, एथिक्स कमिटीच्या माणसाचा फोन नंबर, काही झालं तर भरपाई कोण देणार ते, घरी नेऊन वाचा आणि मग या असं सांगायचं, कितीतरी जण वाचून नको म्हणायचे आणि आम्ही बरं म्हणायचो. दादाला काय मिळालं? टोकनची पावती. ती काढून बघ, माझी पैज आहे त्यावर स्टेमसेल हा शब्दसुद्धा नसेल, 'कन्सल्टेशन' नाहीतर 'रीजनरेटिव्ह पॅकेज' असलं काहीतरी असेल.

तेव्हा क्लिनिकला फोन दादालाच करू दे, तू नको. त्याने इतकंच विचारायचं, तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर काय. सीटीआरआय म्हणजे भारतातल्या सगळ्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही, नंबर टाकला की कुठल्या आजारासाठी, कुठल्या हॉस्पिटलात, किती पेशंट, एथिक्स कमिटी कुठली, सगळं कोणालाही दिसतं. नुसता नंबर आहे म्हणून हुरळायचं नाही, केंद्राच्या ड्रग कंट्रोलरची परवानगी आहे का तेही विचारायचं, आणि ट्रायल आहे तर पैसे कशाचे तेही. पुढचं दादाचं त्यालाच कळेल, माणसाने स्वतः विचारून 'नाही' हे उत्तर ऐकलं की डोक्यात जातं, बहिणीने सांगून जात नाही.

आता मला ज्याने खरं अस्वस्थ केलं ते. आप्पांच्या गोळ्यांची लिस्ट. ईएफ कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आता चार प्रकारची औषधं असतात ज्यांनी माणसं जास्त जगतात हे हजारो पेशंटच्या ट्रायलमध्ये दिसलंय. एक बीटा ब्लॉकर, ते मेटोप्रोलॉल, आप्पांना चालू आहे. दुसरं सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, नाहीतर रामिप्रिलसारखी गोळी. तिसरं स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चौथं डापाग्लिफ्लोझिन नाहीतर एम्पाग्लिफ्लोझिन, मूळची डायबेटिसची गोळी पण शुगर नसलेल्यांनाही हार्टसाठी देतात. तुझ्या लिस्टमध्ये चारातली एकच दिसतेय मला. (लघवीची गोळी म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन मिसळलेली असेल तर दोन, स्ट्रिपचा फोटो काढून नाव वाच.) कदाचित बीपी कमी असेल, क्रिएटिनिन किंवा पोटॅशियम जास्त असेल, म्हणून दिली नसतील, किंवा नुसतं फॉलोअपला गेलाच नसाल म्हणून राहिलं असेल, आपल्याकडे हे दुसरं फार होतं. मनाने काहीही सुरू करू नका. पण हार्टच्या डॉक्टरांना समोर बसून विचार, या बाकीच्या आप्पांना देता येतील का, नसतील तर का. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिलवालं २०२३ मध्ये, जेनेरिक निघाल्यापासून किमती बऱ्याच उतरल्यात. यातल्या औषधांनी कित्येकांचं ईएफ पाच-दहा पॉइंटने चढलेलं मी स्वतः एकोच्या रिपोर्टवर बघितलंय, सगळ्यांचं नाही चढत, पण यात टोकन भरावं लागत नाही.

म्हणजे पुढच्या भेटीत एको नवा, ईसीजी, क्रिएटिनिन-पोटॅशियम. पूर्ण औषधं तीन महिने घेऊनही ईएफ ३५ च्या वर गेलं नाही तर छातीत बसवायच्या आयसीडी मशीनबद्दल डॉक्टर बोलतील, अचानक लय बिघडून जीव जाऊ नये म्हणून असतं ते, नाही बोलले तर तू विचार. खर्चाचं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठ, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तोच सांगेल. आणि पुढे कधी ट्रान्सप्लांटपर्यंत वेळ आलीच, येऊ नये, तर महाराष्ट्रात त्याची रीतसर वेटिंग लिस्ट आहे, पुण्या-मुंबईच्या झेडटीसीसीकडे (अवयव वाटपाची समिती), नाव रजिस्टर्ड हॉस्पिटलमार्फत लागतं.

घरी करायचं थोडंच आहे. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, वजन करून कॅलेंडरवर लिहायचं, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर शरीरात पाणी साठतंय, त्याच दिवशी डॉक्टरला फोन. लोणचं, पापड, खारे दाणे बंद. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून ब्रूफेन नाहीतर डायक्लोफेनॅक आणून घेत असतील तर ते पहिलं थांबव, त्याने हार्ट फेल्युअर बिघडतं. चिडचिडीचंही डॉक्टरांच्या कानावर घाल, अटॅकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, आणि बागायतदार माणूस बागेत जात नाही म्हणजे नुसता दम नाहीये तो. ऑक्टोबर छाटणीला त्यांना बांधावर खुर्ची टाकून बसव, फवारणीचा पंप उचलू देऊ नको पण गडी कुठला डोळा चुकीचा छाटतोय ते त्यांना सांगू दे की ओरडून.

जमिनीवरून दादा जे बोलला ते मनाला लावून घेऊ नको. त्या रात्री ॲसिडिटी म्हणून कोण थांबलं, गाडी कोणी काढली नाही, हे त्याच्या डोक्यात फिरत असणार, आणि ते साडेसहा लाख बहुतेक त्या टोचणीचेच आहेत. डॉक्टरकडे जाताना त्यालाच पुढे कर, फाइल त्याच्या हातात दे.

टोकनचे २५ हजार लेखी परत मागा, ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने, फोनवर नको. कारण एवढंच लिहा की ट्रायलचा नंबर आणि परवानगी दिली नाही म्हणून बुकिंग रद्द. टाळाटाळ केली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट, तो क्लोपिडोग्रेलवाला मेसेज डिलीट करू नका, तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही करता येते. एको झाला की ईएफ किती आलं ते कळव, स्ट्रिपचा फोटो पण पाठव.